सकाळी दहा ते एकमधल्या सूचना

जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी, डिंगोरे येथील राहत्या घरी दात घासत असताना माझ्या हृदयाचे ठोके अनियमित झाले. वय सत्तावन्न. त्याआधी हृदयाची तक्रार नव्हती. सात पन्नासला नारायणगावच्या एका खासगी रुग्णालयात ईसीजी काढला गेला आणि त्यावरच निदान झाले.

छातीत दुखले नाही. बाजारातून पिशवीत घालून आणलेली कोंबडी मधूनच धडपडते, तसे डाव्या बाजूला काहीतरी धडपडत होते आणि त्याला ताल नव्हता. बेसिनसमोर उभा राहून मी ठोके मोजायचा प्रयत्न केला. मोजता आले नाहीत.

माझी पत्नी सुनंदा पाण्याची बादली घेऊन आली होती.

“घाबरलाय का?” तिने विचारले.

“नाही.”

“मग ब्रश तोंडात धरून का उभं ऱ्हायलाय?”

तिने माझे मनगट धरले, थोडा वेळ धरून ठेवले, सोडले आणि शेजाऱ्यांची गाडी बोलावली. गाडीत ती एकच वाक्य बोलली: “तोंड तरी धुवायचं व्हतं.” टूथपेस्ट हनुवटीवर वाळली होती.

डॉक्टर काय म्हणाल्या

डॉक्टर चाळिशीच्या. आठवड्यातले तीन दिवस नारायणगावला, दोन दिवस मंचरला बसतात. त्यांनी कागदाची लांब पट्टी आमच्यासमोर धरली. त्यावरच्या रेघा सारख्या अंतरावर नव्हत्या.

“हा ठोका आपण औषधाने जागेवर आणू,” त्या म्हणाल्या. “काळजी वेगळी आहे. ठोका असा बिघडलेला राहिला, तर आत रक्त साचून गुठळी होऊ शकते. ती गुठळी मेंदूकडे गेली तर...”

“लकवा,” सुनंदा म्हणाली.

डॉक्टरांनी मान हलवली. सुनंदाचे माहेर आंबेगाव तालुक्यातले पेठ. तिचे वडील शेवटची सहा वर्षे एका अंगाने पडून होते. त्यांना भरवताना मी तिला पाहिले आहे.

त्या दिवसापासून माझ्या चार गोळ्यांपैकी रक्त पातळ करणारी गोळी सुनंदाने स्वतःकडे ठेवली. बाकीच्या माझ्या हवाली. “त्या इकडं तिकडं झाल्या तर बघू,” ती म्हणाली. “ही चुकली न्हाई पायजे.”

तीन रात्री, चार खाटा

अतिदक्षता विभागात चार खाटा होत्या. प्रत्येक खाटेच्या डोक्याशी ठोके दाखवणाऱ्या यंत्राचा एक पडदा आणि प्रत्येक पडद्याला आवाज. पहिल्या दिवशी कोणताही आवाज झाला, की मी स्वतःच्या पडद्याकडे पाहत असे. बहुतेक वेळा आवाज दुसऱ्याच खाटेचा असे. तिसऱ्या खाटेवरच्या ओतूरच्या बागायतदाराच्या बोटावरचा चिमटा सारखा निसटत होता आणि त्याचे यंत्र तो मेल्याची वर्दी देत होते. तो तेव्हा पेरू खात असे.

सकाळी पाचला रक्त, सहाला चहा, साडेआठला डॉक्टर, दुपारी वरण-भात, चारला भेटीची वेळ. यात फरक पडला नाही. रात्रपाळीच्या सिस्टरने पहिल्याच रात्री माझी खाट थोडी फिरवली, म्हणजे पडदा माझ्या मागे गेला.

“काका, तुम्ही मशीन बघू नका,” ती म्हणाली. “मशीन बघायचा पगार मला मिळतो.”

त्यानंतर मी चार तास झोपलो. मंगळवारी दुपारी ठोका नियमित झाला. गुरुवारी घरी सोडले.

घड्याळ

माझे काम बातमीदाराचे. पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर अकरा वर्षे, त्यानंतर जुन्नर तालुक्याचा वार्ताहर. कामामुळे फोनवर चाळीसहून अधिक गट आहेत: ग्रामपंचायती, पोलीस, बाजार समिती, सोसायट्या, समता सैनिक दल, शाळा, ओझर आणि लेण्याद्रीकडची वाहतूक. गावाचा एक गट फक्त बिबट्यासाठी आहे. कोणाच्या उसात दिसला, कोणाच्या गोठ्यामागे ठसे, हे त्यावर येते. तो गट बंद करता येत नाही.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी मुलगी प्रज्ञा पुण्याहून घड्याळ घेऊन आली. मनगटावर बांधायचे, कापडी पट्ट्याचे. ते नाडी मोजते, आणि हात स्थिर असताना ठोक्यांत अनियमितता आढळली तर सूचना देते. सूचना घड्याळावर येते आणि तिची नोंद फोनमध्ये राहते. प्रज्ञाने त्यात माझे नाव, वय, वजन भरले.

“आता पप्पा, नीट ऐका,” ती म्हणाली. “घड्याळ हातात आहे तोपर्यंत फोन वाजणार नाही. सूचना घड्याळावरच येतील. घड्याळ काढलं, की फोन वाजायला लागेल. एका वेळी एकच.”

“आणि दोन्ही वाजले तर?”

“नाही वाजणार.”

“आणि दोन्ही नाही वाजले तर?”

“पप्पा.”

सुनंदा पोळ्या लाटत होती. “त्यांची बातमी हुकली तर चालंल, ही माहिती हुकाया नको,” ती म्हणाली. “सांग आजून एकदा.”

प्रज्ञाने दुसऱ्यांदा सांगितले आणि कागदावरही लिहून दिले.

पहिले दहा दिवस

अडचण अशी होती की घड्याळाचा हादरा एकच. बिबट्या, बाजारभाव, श्रद्धांजली, शुभ सकाळ आणि माझे हृदय, सगळे मनगटावर सारख्याच दोन टिचक्या मारत. टिचकी बसली की मी दचकत असे. दचकले की नाडी वाढे. नाडी वाढली की घड्याळ कळवत असे की तुम्ही बसलेले असूनही नाडी वाढली आहे. त्या टिचकीनेही मी दचकत असे.

फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी असे सकाळभरात सात वेळा झाले. त्यातली एकही सूचना अनियमित ठोक्याची नव्हती.

प्रज्ञाने फोनवरून एकेक बटण सांगत गट कमी करवले. शेवटी घड्याळावर चार गोष्टी उरल्या: नाडी, बिबट्याचा गट, डेस्कचा फोन आणि मोटरच्या स्टार्टरचा फोन.

स्टार्टरबद्दल सांगणे आवश्यक आहे. आमच्या विहिरीवरच्या मोटरला मोबाईल स्टार्टर आहे. त्यात सिम असते. थ्री फेज वीज आली की तो नोंदवलेल्या नंबरवर फोन करतो. फोन उचलून एक आकडा दाबला की मोटर चालू होते. नोंदवलेला नंबर माझा आहे. सुनंदाकडे बटणांचा साधा फोन आहे. आमच्या भागात शेतीची वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री मिळते. रात्रीच्या आठवड्यात मोटर आपोआप चालू होऊन पाणी शेततळ्यात पडेल असे लावून ठेवतो. बिबट्यामुळे रात्री रानात कोणी जात नाही. दिवसाच्या आठवड्यात मात्र माणूस लागतो. कांद्याला पाणी देताना एक वाफा भरला की पाणी दुसऱ्या वाफ्याकडे वळवावे लागते. त्याला दारे धरणे म्हणतात. ते काम पूर्वी मी करीत असे.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी फोनकडे बोट दाखवले. “दुपारी दोनपर्यंत हा तुमच्याजवळ नको.”

सुनंदाने फोन तिथेच उचलून पिशवीत टाकला. माझ्या हातात तो पुन्हा आला तेव्हा दोन वाजून गेले होते.

दिनक्रम

सकाळी आठला गोळ्या. नऊला अंघोळ. अंघोळीआधी घड्याळ काढून टीव्हीशेजारी चार्जिंगला लावायचे. गोळ्यांनी ग्लानी येई, म्हणून साडेनऊला आतल्या खोलीत झोपायचे. रानात काम असेल तेव्हा सुनंदा दहाच्या सुमारास फोन घेऊन जाई आणि एक-दीडला परत येई. दोनला मी घड्याळ बांधायचे आणि फोन मिळायचा.

दोन गोष्टी मी त्या काळात वहीत लिहिल्या आहेत. एक: दुपारी घड्याळ बांधताना पट्टा घट्ट वाटतो, सैल करावा लागतो. दोन: एका शुक्रवारी साडेअकराच्या सुमारास जाग आली, तेव्हा सुनंदा खाटेच्या कडेला बसली होती. तिचा हात माझ्या छातीवर होता. तिला धाप लागली होती. साडीच्या काठाला ओला चिखल होता.

“काय झालं?” मी विचारले.

“काय न्हाई. पाणी प्यायाला आले व्हते.”

“रानात पाणी संपलं?”

“झोपा तुमी.”

घरात त्या आठवड्यांत बोलणे कमी झाले होते. तिच्यावर दोघांचे काम होते आणि मी दुपारी फोन हातात आला की पहिल्यांदा सकाळची बातमी कोणी दिली ते पाहत असे. एकदा मी म्हणालो की फोन असा काढून घेणे म्हणजे मला घरात कोंडणे आहे.

“तुमचा पेपर तुमच्याबिगर छापतोय की,” ती म्हणाली. “मी रोज बघतीय.”

 ती पायरीवर बसली, बराच वेळ बसली, मग उठून भांडी घासायला गेली. बसण्याचे कारण मी विचारले नाही.

यादी

अनियमित ठोक्याच्या सूचना फेब्रुवारीच्या मध्यापासून यायला लागल्या. मला त्या दुपारी फोनच्या नोंदींत दिसत. पहिल्या आठवड्यात चार. पुढच्या आठवड्यात एकही नाही. त्यानंतरच्या आठवड्यात पाच. पुन्हा एक आठवडा रिकामा.

मी यादी केली: वार, वेळ, सूचनेचा मजकूर. सगळ्या सूचना सकाळी दहा ते एकच्या दरम्यानच्या होत्या. मी तेव्हा झोपलेलो असे. म्हणजे मला काही जाणवण्याचा प्रश्न नव्हता, असे मी धरले. घड्याळ त्या वेळी चार्जिंगला असते, हे मला माहीत होते. हे दोन्ही मला एकाच वेळी माहीत होते.

डॉक्टरांनी यादी पाहिली आणि नवा ईसीजी काढला. तो नियमित आला.

“एक आठवडा येतं आणि एक आठवडा येत नाही,” त्या म्हणाल्या. “त्या आठवड्यात वेगळं काय करता?”

“काही नाही. दोन्ही आठवडे झोपलेलो असतो.”

“चहा, तंबाखू, जागरण?”

“नाही.”

“आणखी काही?”

पट्टा घट्ट होतो त्यावरून मी दुपारी हाताला सूज येत असल्याचे सांगितले. त्यांनी मनगट, घोटे, नडगी दाबून पाहिली. सूज नव्हती. “दुपारीच?” त्यांनी विचारले. मी हो म्हणालो. त्यांनी ते लिहून घेतले आणि लिहिताना त्यांच्या कपाळाला आठ्या होत्या.

चार सूचनांच्या आठवड्यानंतर नाडीवरची गोळी अर्धीची एक झाली होती. पाच सूचनांच्या आठवड्यानंतर एकाची दीड झाली. त्याच्या चौथ्या दिवशी बाथरूममधून बाहेर येताना डोळ्यांपुढे अंधार आला आणि मी दाराच्या चौकटीला धरून खाली बसलो. घड्याळ हातात होते. त्यावर नाडी चव्वेचाळीस होती.

सुनंदाचे भाऊ शांताराम पेठहून बघायला आले. ते गॅरेज चालवतात.

“पावणं, गाडी जागेवर बंद पडती का चालताना बंद पडती?” त्यांनी विचारले.

“चालताना.”

“आन मीटर काय दावतो?”

“मीटर म्हणतो, झोपेत बिघाड आहे.”

 “मग राव, आदी मीटर बघा,” ते म्हणाले. “आमी वायरिंग तपासल्याबिगर इंजन खोलत न्हाई.”

मी ते गंमत म्हणून घेतले. त्यांची पाठ फिरताच सुनंदाला म्हणालो, की तुझ्या भावाला सगळीकडे गॅरेज दिसते.

चोवीस तासांचे यंत्र

मार्चच्या मध्यावर, एका गुरुवारी, नारायणगावला माझ्या छातीला चोवीस तास ठोके टिपणारे यंत्र लावण्यात आले. पाच तारा, कमरेला डबी. अंघोळ करायची नाही, एवढीच सूचना. तो आठवडा दिवसाच्या विजेचा होता. शुक्रवारी सकाळी अंघोळ नसतानाही नऊला मी सवयीने घड्याळ काढून चार्जिंगला लावले आणि झोपलो. दुपारी यंत्र काढायला नारायणगावला गेलो. त्या दिवशी फोनमध्ये एक सूचना होती: सकाळी दहा बावन्न, अनियमित ठोका.

मला बरे वाटले. या वेळी ते छातीवरच्या यंत्रातही सापडले असणार होते.

अहवाल मंगळवारी मंचरला मिळणार होता. आम्ही सोमवारी पेठला मुक्कामी गेलो. मंगळवारी शांतारामांनी मंचरला सोडले आणि ते खाली गाडीत थांबले. सुनंदा माझ्याबरोबर आत आली. तिच्या पिशवीत माझा फोन, माझ्या गोळ्या आणि माझी फाइल होती.

डॉक्टरांनी अहवाल दोनदा पाहिला.

“चोवीस तास पूर्ण नियमित,” त्या म्हणाल्या. “फक्त मंद. गोळी जास्त होतेय तुम्हाला.”

“शुक्रवारी दहा बावन्नला?”

त्यांनी पान उलटले. “दहा बावन्न. एकावन्न ठोके, नियमित. झोपेत.”

मी फोन काढून सूचना दाखवली. त्यांनी दोन्ही वेळा जुळवल्या. तेव्हा त्यांनी तो प्रश्न विचारला, जो मी महिनाभरात स्वतःला विचारला नव्हता.

“घड्याळ हातात होतं?”

“नाही. चार्जिंगला होतं.”

“रोज या वेळी चार्जिंगलाच असतं?”

“हो.”

“मग चार्जिंगला लावलेल्या घड्याळाला नाडी कुठली मिळाली?”

  सुनंदा पिशवीत काहीतरी शोधत होती. तिने वर न पाहता सांगितले:

“त्ये माझ्या हातात व्हतं.”

सुनंदाने सांगितलेले

तिने सांगितले ते असे. घड्याळ काढले की फोन वाजायला लागतो. साडेनऊला माझा डोळा लागे आणि त्याच वेळी सगळे गट जागे होत. एका बुधवारी फोन सारखा वाजत होता आणि मी कूस बदलत होतो. प्रज्ञाने लिहून दिलेला कागद तिने वाचला. घड्याळ हातात असेल तर फोन गप्प. कोणाच्या हातात, ते त्यात लिहिलेले नव्हते. तिने घड्याळ स्वतःच्या मनगटाला बांधले, पट्टा आवळला, आणि फोन गप्प झाला.

मग ती तशीच रानात गेली. तिथे ते आणखी सोयीचे ठरले. हात चिखलात, फोन बांधावर पिशवीत. पूर्वी फोन वाजला की दर वेळी हात धुऊन बांधावर यावे लागे, आणि तिथे कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक असे. आता स्टार्टरचा फोन किंवा बिबट्या असेल तरच मनगट हाले. ज्या आठवड्यात दिवसा वीज, त्या आठवड्यात ती रोज घड्याळ घालून गेली आणि परतल्यावर ते पुन्हा चार्जिंगला लावत राहिली. रात्रीच्या विजेच्या आठवड्यात रानात काम नव्हते. फोन ती नुसता कपाटात ठेवत असे आणि कपाट बंद केले की आवाज येत नसे.

“आणि हृदयाची सूचना आली तेव्हा?” डॉक्टरांनी विचारले. “तेव्हा तुम्हाला काय वाटलं?”

“ह्यांचं कायतरी झालं, आसं वाटलं.”

“यांचं? हे तर घरी होते.”

“म्हणून तर,” सुनंदा म्हणाली. “मोटर हिरीवर आसती, वीज आली तर मला बांधावर कळतंय. बिबट्या दुसऱ्याच्या उसात, त्येबी कळतंय. ह्यांचं घड्याळ, ह्यांचं नाव टाकलंय त्यात. मला वाटलं ह्यांचंच कळवतंय. पळत आले घरी. दोनदा. हात लावून बघितला, चांगला व्हता ठोका. मग परत गेले. पाणी चालू व्हतं.”

“सांगितलं का नाहीस?” मी विचारले.

“तुमीच तर रोज दुपारी फोनमधनं वाचून लिवत व्हता. मी आजून काय सांगायचं?”

घड्याळ हात स्थिर असतानाच ठोके तपासते. विजेची वाट पाहत ती बांधावर बसत असे, तेव्हा हात स्थिर असे.

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. “हात द्या.”

“माझा कशाला? पेशंट हे हायेत.”

“द्या तर खरं.”

डॉक्टरांनी मनगट धरले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिल्या. एक मिनिट धरायचे असते. त्यांनी त्याहून अधिक वेळ धरले. माझ्या यादीत वार होता, वेळ होती, मजकूर होता. मनगट कोणाचे, हा रकाना नव्हता.

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी त्याच खोलीतल्या टेबलावर सुनंदाचा ईसीजी काढला गेला. कागदाच्या पट्टीवरच्या रेघा सारख्या अंतरावर नव्हत्या.

दुपार

“म्हंजे ती गुठळीची भानगड मला बी?” तिने विचारले.

“शक्यता आहे. म्हणून आत्ताच बघायचं.”

माझ्या यादीतल्या नऊ सूचना आणि छातीला यंत्र लावले त्या आठवड्यातल्या आणखी तीन. बारा वेळा ते कळले होते. तितके दिवस रक्त पातळ करणारी गोळी ती रोज मोजून मला देत होती.

हृदयाची सोनोग्राफी करायला दुसऱ्या मजल्यावर जायचे होते. मी जिन्याकडे निघालो. डॉक्टरांच्या मदतनीस बाईंनी तिला चाकाची खुर्ची दिली.

“मला न्हाई, ह्यान्ला द्या,” सुनंदा म्हणाली. “हे पडत्यात.”

शेवटी खुर्ची रिकामी ढकलत आम्ही लिफ्टने गेलो.

बाहेर बाकावर मी पन्नास मिनिटे बसलो. प्रज्ञाला फोन केला. घड्याळाचे सांगितले.

“पप्पा, मी मम्मीला विचारलंच नाही,” ती म्हणाली. “घड्याळ कुणाचं मोजेल, ते मी लिहिलंच नाही. मला वाटलं, ते काय लिहायचं.”

मी तिला सांगितले की सोनोग्राफी चालू आहे. दुसरी कोणतीही माहिती तेव्हा नव्हती.

एक वाजून पाच मिनिटांनी निकाल मिळाला. गुठळी दिसली नाही. हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या कोपऱ्यातली बारीक गुठळी या तपासणीत दरवेळी दिसतेच असे नाही, असेही डॉक्टरांनी सांगितले. रक्त पातळ करणारी गोळी त्याच दिवशी सुरू करायची होती. माझी नाडीवरची गोळी दीडवरून अर्ध्यावर आली.

खाली शांताराम गाडीला टेकून उभे होते. त्यांना सगळे सांगितले.

“म्हंजे इंजन दुसऱ्याच गाडीचं खोललं व्हतं,” ते म्हणाले. मग त्यांनी बहिणीकडे पाहिले. गाडीचे दार त्यांनी स्वतः उघडले आणि ती बसल्यावर हळू लावले.

सुनंदाची पहिली गोळी पेठला रात्रीच्या जेवणानंतर झाली. तिने ती स्वतः घेतली नाही. पाकीट माझ्यापुढे ठेवले. मी गोळी काढून तिच्या तळहातावर ठेवली. तिने पाकिटावरच्या गोळ्या मोजल्या आणि पाकीट पिशवीत माझ्या पाकिटाशेजारी ठेवले, दोन्हींवर रबर न लावता.

“रबर लावलं तर एकच वाटंल,” ती म्हणाली.

सद्यस्थिती

सुनंदासाठी वेगळे घड्याळ आणि वेगळा फोन घेतला आहे. स्टार्टरचा नंबर बदलून तिचा केला आहे. बिबट्याचा गट दोघांकडे आहे. माझ्या घड्याळावर आता तीन गोष्टी येतात. चार्जिंगच्या वेळेत माझा फोन कपाटात असतो. दारे धरायला आळेफाट्याकडचा एक माणूस येतो. सुनंदा बांधावर बसून त्याच्या चुका काढते.

माझा ठोका जानेवारीनंतर एकदाही अनियमित झाल्याची नोंद नाही. सुनंदाचा ठोका औषधाने अजून जागेवर आलेला नाही. विजेचा सौम्य झटका देऊन तो जागेवर आणण्यासाठी तिला पुण्याला न्यायचे ठरले आहे. त्याआधी रक्त पातळ करणारी गोळी न चुकता काही आठवडे व्हायला हवी होती. ती झाली.

पुण्याच्या कागदांसाठी मागच्या मंगळवारी डॉक्टरांनी मंचरला तिची माहिती लिहून घेतली. त्रास कधीपासून, असा एक प्रश्न होता.

“दम लागतोच की,” सुनंदा म्हणाली. “कामाचा लागतो.”

“पण कधीपासून?”

“कांद्याच्या लागणीत लागत व्हता. त्याच्या आदी सोयाबीन काढताना बी. त्याच्या आदीचं मला न्हाई सांगता यायचं.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले.  मी यादी काढून दिली.

सुनंदाने घड्याळ पहिल्यांदा हातात घातले तो फेब्रुवारीतला बुधवार होता. पहिली सूचना त्याच बुधवारी सकाळी अकरा वाजून सहा मिनिटांची आहे. त्याआधीची नोंद उपलब्ध नाही.